तातडीची गर्भनिरोधक गोळी: घेताना उशीर नको, घेतल्यावर गाफीलपणा नको

भारतात लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गर्भनिरोधक गोळी २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. आय-पिल, अनवॉन्टेड-७२ ही दुकानातली नावं आता खेड्यापाड्यांतही माहीत आहेत आणि सरकारी आरोग्य केंद्रांत हीच गोळी ईझी पिल म्हणून दिली जाते. चिठ्ठीची अट गेली हे योग्यच झालं, कारण सुट्टीच्या दिवशी डॉक्टर शोधण्यात जाणारे तास या गोळीला परवडत नाहीत. मात्र चिठ्ठीबरोबर डॉक्टरांचा पाच मिनिटांचा सल्लाही गेला. औषधाच्या दुकानात गोळी कागदात गुंडाळून न बोलता हातात ठेवली जाते आणि घेणारीही काही न विचारता निघते. म्हणून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. तिसऱ्या दिवशी घेतली तर चालेल का? उलटी झाली, आता काय करू? पाळी आली नाही, गोळी फसली का? वर्षातून कितीदा घेतलेली चालते? पुढे मूल होईल ना?

या प्रश्नांमागे दोनच चुका दिसतात. गोळी घेण्याआधी तुम्ही नको इतका विचार करता आणि घेतल्यानंतर नको इतक्या निर्धास्त होता. खरं तर उलट हवं. गरज वाटली तर गोळी ताबडतोब घ्यावी आणि घेतल्यावर मात्र तिच्यावर विसंबून राहू नये. असं का, हे गोळीच्या कामाच्या पद्धतीवरूनच कळतं.

गोळी नेमकं काय करते?

पाळीच्या प्रत्येक चक्रात बीजकोशातून एक स्त्रीबीज बाहेर पडतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे सोमवारी संबंध आला आणि स्त्रीबीज गुरुवारी सुटलं, तरी गर्भ राहू शकतो. गोळीतलं संप्रेरक हे स्त्रीबीज सुटणं पुढे ढकलतं. तेवढ्या काळात शुक्राणू निकामी होतात आणि दोघांची गाठ पडत नाही. स्त्रीबीज सुटण्याची प्रक्रिया अगदी शेवटच्या टप्प्यात पोचली असेल किंवा ते आधीच सुटलं असेल, तर ही गोळी ते रोखू शकत नाही. गर्भ रुजला असेल तर तो पाडूही शकत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकात याच अर्थाची सुधारणा केली.

एवढं लक्षात ठेवलं की पुढची बहुतेक उत्तरं आपोआप मिळतात. स्त्रीबीज कधी सुटेल हे तुम्हाला माहीत नसतं, म्हणून गोळी लवकर घ्यायची. गोळीने ते नुसतं लांबणीवर पडतं, म्हणून त्याच महिन्यात नंतर आलेल्या संबंधातून गर्भ राहू शकतो. आणि रुजलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही, म्हणून तिला गर्भपाताची गोळी समजणं चूक आहे.

पहिला प्रश्न: किती तास झाले?

पाकिटावरचा ७२ हा आकडा अनेकींची दिशाभूल करतो. बहात्तर तास आहेत म्हणजे उद्या-परवा घेतली तरी चालेल, असा हिशेब केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने केलेला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास काय सांगतो ते पाहा. पहिल्या २४ तासांत गोळी घेतलेल्या स्त्रियांमध्ये, एरवी राहिले असते अशा गर्भांपैकी सुमारे ९५ टक्के टळले. २५ ते ४८ तासांत हे प्रमाण ८५ टक्क्यांवर आलं आणि ४९ ते ७२ तासांत ५८ टक्क्यांवर. म्हणजे ७२ तास ही शेवटची हद्द आहे, तोवर थांबायची मुभा नव्हे. त्यानंतरही पाचव्या दिवसापर्यंत गोळीचा थोडा उपयोग होऊ शकतो, पण तेव्हा तिच्याहून खात्रीचा मार्ग उपलब्ध असतो.

तुमच्यापुढे असलेले पर्याय असे:

- २४ तासांच्या आत: जवळच्या दुकानातून किंवा आरोग्य केंद्रातून गोळी घ्या आणि लगेच गिळा. "सकाळी घेते", "पोटभर जेवल्यावर घेते" असं करू नका.
- एक ते तीन दिवस झाले असतील तर: गोळी लगेच घ्या. पुढे मूल नको असेल किंवा दोन मुलांत अंतर हवं असेल, तर तांबीचाही, म्हणजे कॉपर-टीचाही, विचार करा.
- तीन ते पाच दिवस झाले असतील तर: तांबी हा सर्वांत भरवशाचा उपाय. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती ९९ टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरते आणि पुढे अनेक वर्षं गर्भनिरोधनाचं काम करते. मूल न झालेल्या स्त्रियांनाही ती बसवता येते. सरकारी रुग्णालयात ती मोफत बसवतात. तांबी शक्यच नसेल, तर गोळी तरी घ्या.
- परदेशात असाल तर: अनेक देशांत युलिप्रिस्टल ॲसिटेट ३० मिलिग्रॅमची गोळी मिळते. ती पाच दिवसांपर्यंत चालते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लेव्होनॉरजेस्ट्रेलपेक्षा सरस ठरते. दोन्ही गोळ्या एकापाठोपाठ घेऊ नका, त्या एकमेकींचा परिणाम कमी करू शकतात.

इथे एक आक्षेप हमखास येतो: "माझे ते दिवस सुरक्षित होते, मग गोळी कशाला?" स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी सुटतं, आणि पुढची पाळी कधी येणार हे आज नक्की सांगता येत नाही. जागरण, आजारपण, प्रवास, ताण यांनी तारखा पुढेमागे होतात. कॅलेंडरवरचा अंदाज चुकला तर नको असलेला गर्भ पदरात पडतो. गोळी विनाकारण घेतली गेली, तर फार तर एखादा दिवस मळमळ होते आणि थोडे पैसे जातात. तोटा इतका विषम असताना शंकेचा फायदा गोळीलाच द्यावा.

घेण्याची पद्धत

१. पाकिटावर "लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम" हेच लिहिलंय ना, ते वाचा. मुदतीची तारीख पाहा.
२. एकच गोळी एकाच वेळी घ्यायची. ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांचं पाकीट मिळालं, तर दोन्ही एकदम घ्या. एक मात्रा एकदम घेणं हे बारा तासांच्या अंतराने दोन मात्रा घेण्याइतकंच परिणामकारक असतं.
३. उपाशीपोटी घेतली तरी चालते. मळमळीचा त्रास होत असेल तर काहीतरी खाऊन घ्या, पण त्यासाठी वेळ घालवू नका.
४. दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्या. दोन तासांनंतर झाली तर पुन्हा घ्यायची गरज नाही.
५. तारीख आणि वेळ कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला त्यांचा उपयोग होतो.

दुकानदाराने एम.टी.पी. किट पुढे केलं तर ते घेऊ नका. त्यात मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही गर्भपाताची औषधं असतात. ती राहिलेल्या गर्भासाठी आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आहेत आणि तातडीच्या गोळीची जागा घेऊ शकत नाहीत. ही गल्लत धोक्याची आहे, म्हणून नुसतं "ती गोळी द्या" असं न म्हणता नाव घेऊन मागा.

कोणाच्या बाबतीत गोळी कमी पडू शकते?

ही गोळी घेणं धोक्याचं ठरेल अशा स्त्रिया जवळजवळ नाहीत. मधुमेह, रक्तदाब, अर्धशिशी असलेल्यांनी रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्या असतात. तो नियम या एका मात्रेला तसाच लावून वेळ दवडू नये. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती घेता येते. प्रश्न सुरक्षिततेपेक्षा परिणामाचा आहे, आणि तो दोन गटांत उद्भवतो.

पहिला गट काही विशिष्ट औषधं घेणाऱ्या स्त्रियांचा. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्ससाठीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन, एच.आय.व्ही.वरचं इफाव्हिरेन्झ ही औषधं यकृताला गोळीतलं संप्रेरक झपाट्याने निकालात काढायला लावतात, आणि बंद केल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. अशांसाठी तांबी उत्तम. ती शक्य नसेल तर ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१६ पासून दुप्पट मात्रा, म्हणजे ३ मिलिग्रॅम, घेण्याचा सल्ला दिला आहे. आपल्याकडे क्षयरोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हा मुद्दा परदेशापुरता नाही. तुम्ही यांपैकी काही घेत असाल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

दुसरा गट जास्त वजनाच्या स्त्रियांचा. काही अभ्यासांत ७० किलोंच्या वर परिणाम कमी होत असल्याचं दिसलं. मात्र युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्ये पुरावा तपासून सांगितलं की ठाम निष्कर्ष काढण्याइतकी माहिती नाही आणि कोणत्याही वजनाच्या स्त्रीला ही गोळी वापरता येते. यातून व्यवहारात घ्यायचं ते एवढंच: वजन जास्त असेल तर तांबीचा पर्याय आधी विचारा, पण ती मिळत नाही म्हणून गोळीही टाळली, असं होऊ देऊ नका.

"गोळीने गर्भाशय खराब होतं" या भीतीचं काय?

ही भीती सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी आहे, कारण तिच्यापायीच मुली दोन-दोन दिवस वाट पाहतात. गोळीतलं संप्रेरक काही दिवसांत शरीरातून निघून जातं. पुढच्या काळात गर्भधारणा होण्यावर त्याचा परिणाम होत नाही. किंबहुना, गोळीनंतर त्याच महिन्यात पुन्हा गर्भ राहू शकतो, हीच प्रजननशक्ती शाबूत असल्याची खूण आहे. मळमळ, डोकेदुखी, थकवा, स्तन जड वाटणं, मध्येच थोडं अंगावरून जाणं हे त्रास एक-दोन दिवसांत ओसरतात. गर्भ आधीच राहिलेला असताना चुकून गोळी घेतली गेली, तरी त्या गर्भात व्यंग निर्माण होत असल्याचा पुरावा नाही.

मग वर्षातून कितीदा घ्यावी? अशी ठरावीक संख्या नाही. एका चक्रात पुन्हा गरज पडली तर लेव्होनॉरजेस्ट्रेल पुन्हा घेता येतं, त्याने गंभीर इजा होत नाही. वारंवार घेतल्यास पाळीचं वेळापत्रक मात्र विस्कटतं. तरीही नेहमीच्या वापरासाठी ती नको, असं सांगण्यामागे शरीराच्या इजेपेक्षा मोठं कारण आहे. नियमित साधनांच्या मानाने ती बरीच कमकुवत आहे. "मी चार वेळा घेतली, चारही वेळा उपयोग झाला," असं म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की एका असुरक्षित संबंधातून दर वेळी गर्भ राहतोच असं नाही. त्या चारांपैकी काही वेळा गोळी न घेताही गर्भ राहिला नसता. स्वतःच्या नशिबाला गोळीचा गुण समजलं, की पाचव्या वेळी फसगत होते.

दुसरा आक्षेप नैतिकतेच्या अंगाने येतो. गोळी सहज मिळाली की तरुण मुलं बेफिकीर होतात, असं म्हटलं जातं. निरनिराळ्या देशांत स्त्रियांना ही गोळी आधीच घरी देऊन ठेवली आणि पाहणी केली, तेव्हा असुरक्षित संबंध किंवा लैंगिक आजार वाढल्याचं आढळलं नाही. मात्र त्याच पाहण्यांचा दुसरा निष्कर्षही प्रामाणिकपणे सांगायला हवा. गोळी घरात असूनही त्या गटांत एकूण गर्भधारणांचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. म्हणजे गोळी माणसाला बिघडवत नाही, आणि एकटीने तारतही नाही.

गोळीनंतरचे तीन आठवडे

- पुढचा प्रत्येक संबंध कंडोम लावूनच. स्त्रीबीज लांबणीवर पडलेलं आहे, ते पुढच्या काही दिवसांत सुटू शकतं. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायच्या असतील तर त्या लगेच सुरू करता येतात, पण पहिले सात दिवस कंडोमही हवा.
- पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते. त्यावरून गोळी फसली असं समजू नका. मधल्या काळात थोडं रक्त गेलं तर ती पाळीच आली, असंही धरू नका.
- पाळी सात दिवसांहून जास्त लांबली, किंवा संबंधाला तीन आठवडे झाले, तर लघवीची तपासणी करा. सरकारी योजनेतलं निश्चय किट आशाताईंकडे मिळतं, दुकानातही अशी किट असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीतून काहीच कळत नाही.
- ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखलं, चक्कर आली, अंगावरून रक्त गेलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गर्भ गर्भाशयाबाहेर, नलिकेत राहिल्याची ती लक्षणं असू शकतात.
- ही गोळी एच.आय.व्ही., गरमी, परमा यांपासून संरक्षण देत नाही. तशी शंका असेल तर डॉक्टरांना वेगळं सांगा. एच.आय.व्ही. टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती सरकारी रुग्णालयांत मिळतात.

तरीही गर्भ राहिला तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ही गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या सुमारे एक-दोन स्त्रियांना गर्भ राहतो. तेव्हा "मी तर गोळी घेतली होती" या विश्वासावर आठवडे घालवू नका. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा आहे. त्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं कारण विवाहित-अविवाहित असा भेद न करता कोणत्याही स्त्रीला सांगता येतं. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची, सासूची किंवा आईवडिलांची सही मागणं कायद्याला धरून नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो, म्हणून तपासणी वेळेवर झाली तर सोपा मार्ग खुला राहतो. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची संमती लागते आणि बाललैंगिक अत्याचार कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे.

दुकानात आणि दवाखान्यात तुमचे हक्क

- गोळीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी किंवा लग्नाचा पुरावा लागत नाही. "कोणासाठी हवी?" या प्रश्नाचं उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. नवरा किंवा जोडीदारही ती आणून देऊ शकतो, आणि त्याने आणावीच.
- सरकारी आरोग्य केंद्रात गोळी मोफत मिळते. आशाताईंकडून ती दोन रुपयांत घरपोच मिळण्याची योजना २०११ मध्ये सुरू झाली. घराजवळच्या दुकानात संकोच वाटत असेल तर हे मार्ग लक्षात ठेवा.
- लैंगिक अत्याचार झाला असेल तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार तात्काळ द्यायचे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये तसं स्पष्ट आहे. या उपचारांत तातडीचं गर्भनिरोधन येतं. पोलिसांत तक्रार नोंदवलेली नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.
- महाराष्ट्रात आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४, महिला मदतवाहिनीसाठी १८१ आणि कोणत्याही आणीबाणीत ११२ हे क्रमांक आहेत.

पुढच्या महिन्याची सोय आजच करा

तातडीची गोळी दुसऱ्यांदा लागली, तर दोष शोधत बसण्यापेक्षा नेहमीचं साधन का चुकतं आहे ते पाहा. कंडोम फाटतो की वापरायचाच राहतो? रोजची गोळी विसरते का? रोज आठवण राहत नसेल तर छाया ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. गोळ्याच नको असतील तर दर तीन महिन्यांनी अंतरा इंजेक्शन, आणि काही वर्षांची निश्चिंती हवी असेल तर तांबी. माला-एन या रोजच्या गोळ्यांसह ही सगळी साधनं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. यांतलं कोणतं तुमच्या तब्येतीला आणि दिनक्रमाला मानवेल, हे ठरवायला मात्र डॉक्टर किंवा परिचारिकेशी एकदा नीट बोला. इथे तासांची घाई नसते, त्यामुळे हा विचार सावकाश करता येतो.

तातडीच्या वेळी मात्र सावकाशी परवडत नाही. म्हणून एक गोळी घरात आणून ठेवा, तिची मुदत अधूनमधून पाहा, आणि गरज पडली तर आधी गोळी घ्या, मग उरलेल्या शंका विचारा.